पराभूत उमेदवाराचे देणे
साप्ताहिक स्तंभ : लोककारण
मनतीरकर

20 नोव्हेंबर 2024 रोजी झालेल्या विधानसभा निवडणुकीत अकोला जिल्ह्यातील बाळापूर मतदारसंघातून उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे नितीन देशमुख 82 हजारांहून अधिक मते मिळवून दुसऱ्यांदा निवडून आले. वंचित बहुजन आघाडीचे नातिकोद्दीन खतीब यांना 70 हजारांवर, तर एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे बळीराम सिरस्कार यांना 61 हजारांवर मते पडली. निकालानंतर बाळापूर-पातुरात आणि अकोल्याच्या कचेऱ्यांभोवतीही कित्येक दिवस एकच चर्चा चालली होती की, कोण उभा राहिल्यामुळे कोणाची मते फुटली आणि कोण बसला असता तर कोण आला असता. माझे लक्ष मात्र त्या आकड्यांतील एका साध्या बेरजेकडे गेले. ज्या दोन उमेदवारांचा पराभव झाला, त्यांना मिळालेली मते एकत्र केली तर ती 1 लाख 31 हजारांच्या पुढे जातात, म्हणजे विजयी उमेदवाराला मिळालेल्या मतांहून कितीतरी अधिक भरतात. या लाखावर माणसांनी ज्यांच्यावर विश्वास टाकला, त्यांचे त्या माणसांशी असलेले नाते मतमोजणीच्या सायंकाळी संपुष्टात येते काय?

मतविभागणीच्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली जाते आणि तीच मला मान्य नाही. मत ही कोणत्याही पक्षाची, पुढाऱ्याची वा जमातीची मिरास नव्हे. म्हणून ते कोणी कोणाचे हिरावून घेऊ शकत नाही. ज्याने भर दुपारी रांगेत उभे राहून आपल्या बोटाला शाई लावून घेतली, त्याने आपल्या बुद्धीप्रमाणे एक निवड केली. त्या निवडीला दुसऱ्याच्या खात्यातील गळती समजणे हा मतदाराचा अनादर आहे. उभे राहण्याचा हक्क जितका व्यापक असेल तितके बरे, असेच माझे मत आहे. त्या निवडणुकीत राज्याच्या 288 जागांसाठी 4,136 उमेदवार उभे होते म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. मला त्या संख्येपेक्षा त्यांत स्त्रिया केवळ 363 होत्या आणि निवडून आल्या त्या 21, या गोष्टीचे दुःख अधिक वाटते.

परंतु हक्क व्यापक असावा असे म्हणणाऱ्याने त्या हक्काबरोबर येणारे देणेही सांगितले पाहिजे. कायद्याने उमेदवाराकडून काय मागितले आहे ते पाहावे. विधानसभेसाठी अनामत रक्कम एके काळी 250 रुपये होती. 1996 साली तमिळनाडूतील मोडाकुरिची या एकाच विधानसभा मतदारसंघात 1,033 उमेदवार उभे राहिल्यामुळे मतपत्रिकेचे पुस्तक करण्याची पाळी आली. त्याच साली कायदा दुरुस्त होऊन अनामत वाढली आणि अपक्षाला 10 सूचक आणणे भाग पडले. आज ही अनामत 10 हजार रुपये असून अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांस तिच्या निम्मी आहे. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत तर ती सरकारजमा होते. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांमुळे, 2003 सालापासून, उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, सरकारी थकबाकी, शिक्षण आणि फौजदारी खटले यांचे शपथपत्र द्यावे लागते, आणि 2018 सालापासून, खटले असल्यास, त्यांचा मजकूर मतदानापूर्वी तीन वेळा वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध करावा लागतो. हे सारे आवश्यकच आहे. तथापि उमेदवाराजवळ काय आहे आणि त्याच्यावर काय आरोप आहेत एवढेच हा दस्तऐवज सांगतो. ज्या मुलखात तो उभा आहे त्या मुलखाचे त्याला काय कळते, आणि हरल्यावर तो त्या मुलखासाठी काय करणार आहे, हे विचारणारा रकाना त्यात नाही. तो रकाना मतदारानेच भरून घ्यावयाचा आहे.

या विचाराला बाळापूरइतके चपखल उदाहरण क्वचितच सापडेल. 2014 साली येथे भारिप बहुजन महासंघाचे बळीराम सिरस्कार 41 हजारांवर मते घेऊन, दुसऱ्यांदा, निवडून आले, आणि दुसऱ्या क्रमांकावर काँग्रेसचे नातिकोद्दीन खतीब होते. दहा वर्षांनी तेच दोघे पुन्हा मैदानात उतरले, तेव्हा खतीब हे भारिपचा वारसा चालवणाऱ्या वंचितचे उमेदवार होते, आणि सिरस्कार शिंदे यांच्या शिवसेनेचे. पक्षांतराचा दोष मी कोणा एकाच्या माथी मारू इच्छीत नाही. सारे राज्यच त्या दशकात उलटेपालटे झाले होते. मला एवढेच सांगावयाचे आहे की निशाण्या बदलल्या, युत्या मोडल्या आणि नव्याने जुळल्या, पण अंदुरा, निंबा, हातरूण या भागातील विहिरींचे पाणी 2014 साली जसे खारे होते तसेच 2024 सालीही खारेच होते.

ही गावे ज्यात मोडतात तो खारपाणपट्टा म्हणजे काय हे मुंबई-पुण्याच्या वाचकाला सांगावे लागते, वऱ्हाडातल्या माणसाला नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून सुमारे 4,700 चौरस किलोमीटर पसरलेल्या या गाळाच्या प्रदेशात भूगर्भातील पाणी क्षारयुक्त आहे. ते पिकाला द्यावे तर काळी जमीन घट्ट होऊन बसते आणि पुढच्या पिकाचा घात होतो. म्हणून हा शेतकरी पावसाच्या भरवशावर कापूस, तूर आणि ओलीवरचा हरभरा घेतो. तेच पाणी प्यावे तर मूत्रपिंडाचे विकार घरोघर दिसू लागतात, अशी या गावांची पिढ्यान्‌पिढ्यांची तक्रार आहे. त्यावरचा उपाय म्हणून वान नदीवरील वारी भैरवगडच्या धरणातून बाळापूर तालुक्याच्या बाजूच्या 69 गावांना पाणी देण्याची योजना मंजूर झाली, राज्यातील सत्तांतरानंतर तिला स्थगिती मिळाली, आणि एप्रिल 2023 मध्ये आमदार देशमुख खारे पाणी बरोबर घेऊन अकोल्याहून नागपूरच्या दिशेने पायी निघाले. नागपूरच्या वेशीवर पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. या यात्रेचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे, आणि तिचा उच्चार सभांतून फारसा झाला नाही. धरणाच्या लाभक्षेत्रातील, तेल्हाऱ्याकडच्या शेतकऱ्यांचे म्हणणे असे की, वानचे धरण सिंचनासाठी बांधले गेले. शेगाव, अकोट, अकोला यांच्या नळांना आणि 84 खेडी योजनेला पाणी देता देता आमच्या कालव्यात काय उरणार? तहानलेल्या गावाचा हक्क पहिला, हे मला निःसंशय वाटते. परंतु ज्याचे सिंचन त्यासाठी आक्रसणार त्याला काय भरपाई मिळावी, हे ठरवल्यावाचून केलेली कोणतीही तजवीज टिकणार नाही. शिवाय याच मतदारसंघात दक्षिणेला पातूरचा डोंगराळ भाग आहे, वाडेगावचे लिंबूउत्पादक आहेत, पारसच्या वीजकेंद्राशेजारची गावे आहेत. त्यांची गरज निराळी. अशा गुंतागुंतीच्या प्रश्नावर तीन प्रमुख उमेदवारांची तीन सविस्तर मते ऐकायला मिळणे हा मतदाराचा अधिकार होता. पण 4 नोव्हेंबरला माघारीची मुदत संपली आणि 18 तारखेच्या सायंकाळी प्रचार थांबला. तो पंधरवडा दिवाळीला लागून आला, शेतात कापसाची वेचणी चालू होती, बाजारात सोयाबीन 4,892 रुपयांच्या हमीभावाखाली विकले जात होते, आणि गावोगावच्या सभांत समाजांची बेरीज-वजाबाकी ऐकू येत होती.

ऑगस्ट 1720 मध्ये याच बाळापूरच्या परिसरात निजामउल्मुल्क आणि आलमअली खान यांची लढाई झाली. आलमअली मारला गेला आणि त्याच्याबरोबर त्याचा दख्खनच्या सुभेदारीवरचा दावाही संपला. रणांगणावर पराभूताचे काही उरत नाही. निवडणुकीत मात्र त्याचे पुष्कळ उरते: त्याला पडलेली मते उरतात, ती देणारी माणसे त्याच्याच वाटेवर रोज भेटतात. अकोला जिल्ह्याला या बाबतीत एक मोठे उदाहरण घरचेच आहे. वंचितचे नेते प्रकाश आंबेडकर 1998 आणि 1999 साली येथून लोकसभेवर गेले, आणि 2004 पासून 2024 पर्यंतच्या पाचही निवडणुकांत पराभूत झाले. तरी त्यांनी या जिल्ह्याशी संबंध तोडला नाही, आणि त्यांच्या पक्षाने मधल्या काळात अकोला जिल्हा परिषदेची सत्ता वर्षानुवर्षे राखली. त्यांच्या राजकारणाशी कोणाचे मतभेद असोत, माझेही काही आहेत. पण हरल्यानंतरही जिल्ह्यात पाय रोवून राहणे ही उमेदवारीची खरी कसोटी आहे, आणि तिला ते उतरले.

म्हणून बाळापूरच्या मतदारांनी, विशेषतः ज्यांचा उमेदवार हरला त्या लाखावर मतदारांनी, आपल्या उमेदवाराच्या दारी जाऊन हक्काने मागणी करावी. विजयी आमदार विधानसभेत बोलतील. पण वानच्या पाण्याचा वाटा ठरवण्यासाठी तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्यांबरोबर एका बैठकीत बसावयाला विधानसभेचे सदस्यत्व लागत नाही. देशमुख, खतीब आणि सिरस्कार या तिघांना मिळून दोन लाखांहून अधिक लोकांनी मते दिली आहेत. त्या तिघांनी निंबा-अंदुऱ्याच्या पंचांना आणि वानच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांना एकत्र बोलवावे, धरणातला साठा, कालव्याची गरज आणि 69 गावांची तहान यांचे आकडे जलसंपदा खात्याकडून मागवून सर्वांसमोर वाचावेत, आणि जो तोडगा निघेल त्यावर तिघांच्या सह्यांची एक दरखास्त सरकारकडे धाडावी. पुढच्या उन्हाळ्यात टँकर लागण्यापूर्वी हे होऊ शकते.