आपल्या संगणकाला वायफाय कोणते घ्यावे?



आपल्या शाळेच्या कार्यालयात इंटरनेट आले, पण सातवीच्या वर्गातल्या संगणकापर्यंत ते पोचलेले नाही. हा टेबलावरचा जुना संगणक. त्यात वायफाय पकडण्याची सोयच नाही, ती वेगळी घ्यावी लागते. शनिवारी शाळा व्यवस्थापन समितीची सभा आहे. नखाएवढे डोंगल आणावे, स्वस्तात काम होईल, असे बहुतेकांचे म्हणणे दिसते. माझे मत वेगळे आहे.

घरचा ट्रान्झिस्टर चालू करून पत्र्याच्या पेटीत ठेवा आणि झाकण घट्ट लावा. बहुधा स्टेशन जाईल, नुसती खरखर उरेल. पत्रा रेडिओच्या लहरी अडवतो, आणि वायफाय म्हणजेही रेडिओच्याच लहरी. आता आपला संगणक बघा. पत्र्याचा डबा, डोंगल लावायची जागा त्याच्या पाठीमागे, आणि पाठ टेकलीय दगडी भिंतीला. तिथं खुपसलेल्या इवल्याशा डोंगलला कार्यालयातल्या राउटरची हाक ऐकू येणार कशी? मधे आणखी एक दगडी भिंत आहेच, शिवाय पोषण आहाराचं लोखंडी कपाट!

डब्याच्या आत बसवायचे कार्डही मिळते. ते टिकाऊ खरे, हरवतही नाही. पण त्यासाठी डब्यात मोकळी खाच लागते, आणि अँटेना बहुधा पुन्हा पाठीमागेच येतो.

खोक्यावर ६००, १२०० असे आकडे असतात. त्यांना भुलू नये. आपल्या कार्यालयात येणारी लाईन ४० एमबीपीएसची. टाकीपासून अर्धा इंची पाइप असेल तर घरी दोन इंची नळ बसवून पाणी वाढतं का? वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालते. ५ चा वेग जास्त, पण भिंतीपुढे ते लवकर दमते. २.४ भिंतीतून जास्त पार होते. शहरात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायची तिथे गर्दी होते. आपल्या शाळेजवळ घरे आहेतच किती!

सर्वांत भरवशाची म्हणाल तर तार. ती १०० मीटरपर्यंत चालते, आपल्याला २५ पुरे. पण निवडणुकीत तो वर्ग मतदान केंद्र होतो, संगणक उचलावा लागतो. उंदीर तर बारमाही. तरीही कोणी तार ओढायला तयार असेल, तर माझी ना नाही.

नाहीतर उभ्या अँटेनाचे यूएसबी वायफाय घ्यावे, आणि सोबत दीड मीटरची यूएसबी जोडवायर. म्हणजे अँटेना डब्यामागे न दडता खिडकीत ठेवता येईल. थोडे पैसे जास्त जातील, जाऊ द्यात. आपल्या जुन्या विंडोजवर ते चालते का, हे दुकानदाराला आधी विचारावे, आणि न चालल्यास परत घेण्याचे पावतीवर लिहून घ्यावे.

तोवर सातवीच्या मुलांनी गुरुजींचा फोन घेऊन वर्गभर फिरावे. रेंजच्या काड्या कुठल्या खिडकीत जास्त दिसतात, ते शनिवारच्या आत फळ्यावर लिहून ठेवावे.