गैरहजरांचा तोरा

विजयाला लागणाऱ्या किडींमध्ये ‘पण’ ही कीड सर्वांत चिवट. “जिंकले खरे, पण...” एवढे म्हणून माणूस थांबला की पुढचे वाक्य पुरे करण्याचेही कष्ट त्याला पडत नाहीत. ऐकणाऱ्याने मान डोलवायची आणि जिंकणाऱ्याने खाली घालायची! जो मैदानात उतरलाच नाही, त्याने घरी बसल्या बसल्या विजेत्याच्या गळ्यातला हार अर्धा ओरबाडून न्यावा, असा हा न्याय. या न्यायाविरुद्धच आज दोन शब्द लिहायचे आहेत, आणि त्यासाठी वाचकांना जरा दूर, आयर्लंडात न्यायचे आहे.

खेळ रग्बीचा. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा गडी आणि मध्ये लांबट अंड्यासारखा चेंडू. तो हातात घेऊन धावायचे, मात्र हाताने पुढे फेकायचा नाही. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला की पाच गुण; दंडाची लाथ खांबांमधून गेली की तीन. युरोपातल्या क्लबांची आणि प्रांतिक संघांची यातली मोठी स्पर्धा १९९५ साली सुरू झाली. मद्याच्या एका कंपनीच्या नावावरून लोक तिला हायनेकेन कप म्हणत. १९९८ च्या जानेवारीत इंग्लंडच्या बाथ क्लबने फ्रान्सच्या ब्रीव्हला १९-१८ असे एका गुणाने हरवून हा चषक नेला. पुढच्या हंगामात मात्र बाथ चषक राखायला आलाच नाही. इंग्लंडचा एकही क्लब आला नाही. वेल्समधले कार्डिफ आणि स्वान्सी हे बडे क्लबही आपल्या संघटनेशी भांडून त्या वर्षी इंग्लिश क्लबांशी मैत्रीचे सामने खेळत बसले.

कारण काय? कुणाच्या जिवावर बेतले होते? कुठे अन्याय चालला होता? छे! स्पर्धेवर हुकमत कुणाची, पैशाची वाटणी कशी, आणि वेळापत्रक कुणाच्या सोयीचे, हा वाद होता. वाद घालू नये असे मी म्हणत नाही. व्यवहारात तो घालावाच लागतो. आपल्या अटींवर अडून घरी राहण्याचा हक्कही प्रत्येकाला आहे. परंतु घरी राहायचे आणि वर तिथून निकालावर शेरा मारायचा, हा हक्क त्यांना कुणी दिला?

आता जे आले, त्यांचे पाहू. सोळा संघ होते. त्यांतला अल्स्टर हा उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा संघ. पहिल्याच सामन्यात एडिंबरोशी ३८-३८ अशी बरोबरी. मग तुलूझला जाऊन ३९-३ असा सपाटून मार! इथेच एखाद्याने गाशा गुंडाळला असता. पण उपांत्यपूर्व फेरीत तेच तुलूझ बेलफास्टच्या रेव्हनहिल मैदानावर आले आणि १५-१३ असे हरून गेले. त्यानंतर आला पॅरिसचा स्टाड फ्रान्से, म्हणजे १९९८ चा फ्रान्सचा राष्ट्रीय विजेता. तोही ३३-२७ असा पडला. पुढे ३० जानेवारी १९९९ रोजी डब्लिनच्या लान्सडाउन रोडवर, सुमारे ४९,००० लोकांसमोर, तुलूझच्या शेजारच्या कोलोमिएचा २१-६ असा पराभव झाला. सायमन मेसनने दंडाच्या सहा लाथा खांबांमधून घातल्या आणि कर्णधार डेव्हिड हम्फ्रीजने चालत्या खेळात चेंडू टप्प्यावर उडवून उरलेले तीन गुण मिळवले. आयर्लंडच्या संघाने हा चषक जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

यात फुकटचे काय होते, ते मला कुणी दाखवून द्यावे!

आणि काळ कोणता होता? १० एप्रिल १९९८ रोजी बेलफास्टमध्ये शांततेचा करार झाला. चार महिने होतात न होतात तोच, १५ ऑगस्टला, ओमा या गावी बाँब फुटून २९ माणसे ठार झाली. स्पर्धा सुरू झाली ती त्यानंतर महिन्याभराने. अल्स्टर प्रांताचे सहा जिल्हे ब्रिटनच्या अमलाखाली आणि तीन आयर्लंडच्या प्रजासत्ताकात. उत्तरेत रग्बी प्रामुख्याने प्रोटेस्टंट मुलांच्या शाळांमधून वाढलेली. अशा संघासाठी हजारो लोक सरहद्द ओलांडून डब्लिनला गेले आणि तिथे दक्षिणेतले लोकही त्यांच्याच बाजूने ओरडले. एका चेंडूने आयर्लंडचा प्रश्न सुटला असे म्हणण्याइतका भाबडेपणा माझ्या अंगी नाही. पण त्या एका दुपारी हे सारे लोक एकाच संघासाठी घसा कोरडा करीत होते, एवढे खरे. तिथे कोण नव्हते याची मोजदाद करणाऱ्याला काय होते ते दिसतच नाही.

प्रतिपक्षाचा युक्तिवाद मी जाणतो. “इंग्लिश क्लब आले असते तर अल्स्टर जिंकले नसते.” नसतेही कदाचित! परंतु जो सामना झालाच नाही, त्याचा निकाल अल्स्टरच्या खात्यावर उणे म्हणून का मांडायचा? आणि हिशेब करायचाच, तर सर्वांचा करा. स्पर्धेच्या पहिल्याच हंगामातही इंग्लंड आणि स्कॉटलंडचे संघ नव्हते. त्या वर्षीचा चषक तुलूझने कार्डिफला २१-१८ असे हरवून नेला. २०२४ पर्यंत तुलूझची सहा विजेतेपदे झाली. ती मोजताना पहिले कुणी वगळत नाही. मोठ्या घरचा विजय पूर्ण आणि धाकट्या घरचा अर्धा, ही कुठली वजनमापे? इंग्लिश क्लब पुढच्याच हंगामात परत आले आणि नॉर्दम्प्टनने मन्स्टरला ९-८ असे हरवून चषक जिंकला. दार त्यांच्यासाठी उघडेच राहिले, कारण दरम्यान कुणीतरी खेळ चालू ठेवला होता! त्यांचे आभार मानायचे की त्यांच्या चषकाला नावे ठेवायची?

आणि हे काही परक्यांचेच दुखणे नाही. १९८० साली मॉस्कोच्या ऑलिंपिकवर अनेक देशांनी बहिष्कार घातला. वासुदेवन भास्करनच्या नेतृत्वाखाली भारताच्या हॉकी संघाने अंतिम सामन्यात स्पेनला ४-३ असे हरवून सुवर्णपदक आणले. त्या पदकाचे नाव काढले की “पण पाकिस्तान कुठे होते, जर्मनी कुठे होती,” असे विचारणारे प्रथम आपल्याच घरांतून निघतात. तो बहिष्कार राजकारणातला होता, त्यात पैशाची वाटणी नव्हती, हा फरक मला मान्य आहे. तत्त्वासाठी घरी राहणाऱ्याला मी नमस्कारही करीन. तरी त्याच्या तत्त्वाची किंमत त्यानेच मोजावी. ती खेळलेल्यांच्या पदकातून कापून घेऊ नये.

वाचकहो, ही सवय मैदानावर लागत नाही, ती माजघरात लागते. पोर धावत येऊन सांगते, “मी पहिला आलो!” आणि आपण विचारतो, “तो देशपांड्यांचा हुशार मुलगा आजारी होता ना?” पोराच्या हातातले बक्षीस तसेच राहते, पण त्याचा चेहरा पडतो. विजेता म्हणजे पृथ्वीतलावरचा सर्वश्रेष्ठ, असे कुणी कधी म्हटले होते? जे आले, त्यांच्यात जो पुढे गेला तो विजेता. याहून मोठा दावा कुठलाच चषक करीत नाही, आणि याहून लहान मापाने तो मोजताही येत नाही.

आखाड्यात न उतरलेल्या पैलवानाची पाठ कधीच मातीला लागत नाही. म्हणून काही गदा त्याच्या घरी पोचवायची नसते.