आजीच्या ओव्या टिपताना

मैत्रिणींनो, कॉलेजातल्या लेकीला लघुपटासाठी आजीच्या जात्यावरच्या ओव्या टिपायच्या आहेत ना? मग एवढं सांभाळा. आजींना खिडकीकडे तोंड करून बसवा. खिडकी पाठीशी आली तर चेहरा काळा पडतो. मोबाइल आडवा, स्टुलावर डब्याला टेकवून ठेवा. पंखा बंद, कुकर नंतर! आधी अर्धं मिनिट टिपून आवाज ऐकून बघा. प्रत्येक दृश्याच्या मागेपुढे ५ सेकंद जास्त घ्या, जोडताना कामी येतात. हातांची, पिठाची दृश्यं वेगळी घ्या. ओवी मधेच तोडावी लागली तर सांधा त्यांखाली झाकतो. मूळ चित्रण दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय पुसू नका.

आमच्या सासूबाईंच्या ओव्या पंख्याच्या घरघरीत बुडाल्या. पुन्हा म्हणायला आता त्या नाहीत.