दप्तर यंत्रात गेले, हक्काचे काय?

जमिनीच्या खरेदी-विक्रीचा व्यवहार कागदावरून संगणकावर नेण्याचे काम महाराष्ट्रात बरेच पुढे गेले आहे. दुय्यम निबंधकाकडे दस्त संगणकावर नोंदला जातो, त्याची वर्दी तेथूनच फेरफारासाठी महसूल खात्याकडे जाते आणि २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या जागी ऑनलाइन नोंदणीची तरतूद असलेला नवा कायदा आणण्यासाठी केंद्र सरकारने २०२५ साली मसुदाही प्रसिद्ध केला. या बदलाचे आम्ही स्वागत करतो. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्याच्याही आधीपासून ज्याच्या हाती दप्तर त्याच्या हाती गाव, हा खेड्यातील गरिबाचा अनुभव आहे. एका उताऱ्यासाठी तालुक्याला खेपा घालणे संपत असेल, तर ते हवेच आहे.

परंतु दप्तर कपाटातून यंत्रात गेल्याने ते खरे होत नाही. आपल्या कायद्यात नोंदणी होते ती दस्ताची. मालकीची हमी सरकार देत नाही. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे १५७ वे कलम अधिकार अभिलेखातील नोंद, तिच्याविरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानते. म्हणजे ज्याचे नाव गळले, त्यानेच पुराव्याचे ओझे वाहायचे. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. पण वारसनोंदीत बहिणींची नावे लागलीच नसतील, तर यंत्र तोच अपुरा उतारा खरेदीदारापुढे अधिक वेगाने ठेवील. पूर्वीच्या दिरंगाईत भ्रष्टाचार होता हे खरे. पण त्या दिरंगाईत कधीकधी सासरी गेलेल्या बहिणीच्या कानावर व्यवहाराची बातमीही जात असे. आता हरकतीचे १५ दिवस तिला पत्ता लागण्यापूर्वीच सरतात.

यावरचा उपाय नवा नाही. २०१७ साली सातबाऱ्यांचे चावडीवाचन झाले. गावाच्या नोंदी गावासमोर मोठ्याने वाचल्या, की निरक्षरालाही आपले नाव आहे की नाही हे कळते. हे वाचन दरवर्षी ग्रामसभेत व्हावे. फेरफाराची नोटीस पडद्यावर झळकवून न थांबता ती प्रत्येक वारसाच्या हाती पोचावी आणि मुदत त्या दिवसापासून मोजावी. वारसनोंदीतील उणीव दुरुस्त करण्यासाठी गरिबाला वकिलाचे दार ठोठवावे लागू नये.

व्यवहार किती मिनिटांत उरकला, एवढ्यावर या सुधारणेचे यश मोजणे हे जमीन विकत घेणाऱ्याचे माप झाले. ज्याच्याजवळ एक-दोन एकरांपलीकडे काही नाही, त्याच्या दृष्टीने प्रश्न एकच आहे : आपल्या नकळत आपली जमीन जाणार नाही ना? याचे उत्तर यंत्राने नव्हे, शासनाने द्यावयाचे आहे.