सोळाव्या दिवसापासून पिशवी कोण देणार?

प्रति,
जिल्हाधिकारी आणि मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकारी, बालाघाट;
आयुष्मान भारत ‘निरामयम’ योजनेचे अधिकारी, भोपाळ

महोदय,

मूत्राशयाचा कॅन्सर निघाला की आपल्या जिल्ह्यातला माणूस गोंदियावरून नागपूर गाठतो. आयुष्मान कार्डावर मूत्राशय काढलं जातं. ते पाच लाखांचं कवच नसतं तर कितीतरी घरांची शेती गेली असती, हे मान्यच. पण सुट्टी झाल्यावर योजना पंधरा दिवसांचा खर्च पाहते. लघवी साठवायला पोटावर लावलेली पिशवी मात्र जन्मभराची असते.

मूत्राशय काढल्यावर लहान आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन त्याला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडतात आणि त्याचं तोंड बेंबीच्या उजवीकडे काढतात. या तोंडावर ताबा नसतो. लघवी रात्रंदिवस झरते. म्हणून त्यावर पिशवी लावतात. ती कातडीला चिकटवणारी चकती दर काही दिवसांनी बदलायची, तिचं भोक मापात कापायचं. ते मोठं झालं तर लघवी कातडीवर मुरते, कातडी सोलते. आपल्याकडच्या मे महिन्यात घामानेही चकती सुटते. हे ऑपरेशन झाल्यावर माझ्या वडिलांनी लग्नाच्या पंगतीला जाणं सोडलं, बसने प्रवास सोडला. लघवीत शेंबडासारखे धागे दिसले तेव्हा आजार परतला म्हणून घर हादरलं. ते आतड्याचं नेहमीचं स्रवण असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. नवराबायकोच्या संबंधांवर काय परिणाम होतो, हे तर कुणी बोलतच नाही.

जुलै २०२२ मध्ये पिशवी-चकतीसारख्या साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. छान झालं. पण ज्याला पिशवीसाठी नागपूरला माणूस धाडावा लागतो, त्याचा गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी यांतच जीव जातो.

किडनीच्या गरीब रुग्णांना जिल्हा रुग्णालयांतून मोफत डायलिसिस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ पासून आहे. त्याच खिडकीवर पिशव्या का नकोत? सोबत एक परिचारिका हवी, पिशवी लावायचं काम शिकून आलेली. आणि नागपूरच्या रुग्णालयांना एवढं कळवा की ऑपरेशनच्या आधी रुग्णाला बसवून, उभं करून, धोतराची किंवा लुगड्याची गाठ कुठे येते ते पाहून मगच पिशवीच्या जागेवर खूण करा. याला पैसा लागत नाही.

असे रुग्ण किती, असं विचाराल. हा बिडीच्या तेंदूपत्त्याचा जिल्हा आहे, साहेब, आणि बिडी-सिगारेटचा धूर हे या कॅन्सरचं सर्वांत मोठं कारण. कार्डावर झालेल्या ऑपरेशनांची यादी तुमच्याच संगणकात आहे. ती काढा, आणि जिल्हा रुग्णालयाच्या पुढच्या खरेदीत तेवढ्या माणसांच्या वर्षभराच्या पिशव्या लिहा.

आपला,
एका रुग्णाचा मुलगा, वारासिवनी