सेटच टाका!

क्लच या विषयावर मराठीत वाङ्मय नाही. ब्रेकवर आहे. ‘मनाला ब्रेक लावा’ असे प्रवचनकार सांगतात, ‘महागाईला ब्रेक लावू’ असे पुढारी सांगतात. पण डाव्या पायाखाली निमूट आयुष्य काढणाऱ्या त्या पेडलवर कुणी चार ओळी लिहील तर शपथ! घरातल्या बाईसारखेच आहे ते. दिवसातून पाचशे वेळा हाक मारायची, आणि ते कुरकुरेपर्यंत ते आहे याचीही आठवण ठेवायची नाही. (हे वाक्य आमच्या हिने वाचले आणि ‘बरं लिहिलंय’ म्हणाली, म्हणून राहू दिले आहे.)

तर हा लेख भांडणाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. भांडण ‘सेटच टाका’ या पंथाशी आहे.

आम्ही साताऱ्याचे. सासरवाडी सांगली. सप्टेंबरात सांगलीची मंडळी कासची फुले बघायला आली. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि तेव्हापासून फुलांपेक्षा मोटारींचा बहर जास्त असतो. बोगदा ओलांडून यवतेश्वराचा घाट चढायला लागलो तर वळणावळणावर गाड्यांची माळ. चार फूट पुढे, थांबा. चार फूट पुढे, थांबा. तिसऱ्या वळणावर माझा डावा पाय एकदम भिजलेल्या पोळीवर पडल्यासारखा आत गेला. पहिला गिअर पडेना. खर्रर्र! मागे उतार, उताराला एक कोरी करकरीत गाडी, आणि त्या गाडीतून बाहेर आलेले एक डोके.

शेजारी आमचे सासरे बसले होते. एस.टी.त बत्तीस वर्षे ड्रायव्हर. ते खिडकीबाहेरची नजर न काढता म्हणाले, “जावईबापू, दोनदा दाबा.”

दोनदा दाबले. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात नेली. गॅरेजवाल्या पोराने पेडलला हातसुद्धा लावला नाही. तंबाखूची पिंक टाकून म्हणाला, “सर, क्लचप्लेट गेली. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग. सेटच टाका. एकदा खोलतोय तर.”

“किती?”

“चौदा हजारात बसवू. तुमी घरचेच हाय.”

घरच्यांना चौदा, तर परक्यांना किती लावत असेल हा विचार करत मी परत आलो.

आता माझे म्हणणे ऐका. प्लेट घासली की इंजिन ओरडते आणि गाडी पुढे सरकत नाही. चढाला तर हमखास. माझी गाडी सरकत होती, गिअर पडत नव्हता. आणि दोनदा दाबल्यावर पडत होता. प्लेट काही दोनदा दाबल्याने जाड होत नाही! दोष पेडल आणि प्लेट यांच्या मधल्या वाटेवर होता. ही वाट जुन्या मारुती 800 मध्ये तारेची होती. सायकलच्या ब्रेकसारखी केबल. माझ्या गाडीत ती तेलाची आहे. पेडल दाबले की वरच्या मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या तेल ढकलतो, ते नळीतून खालच्या सिलिंडरमध्ये येते, तिथला दट्ट्या क्लचचा काटा रेटतो आणि प्लेट मोकळी होते. तेल दबत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा खाली पोचतो. पास्कल नावाच्या फ्रेंच माणसाने सतराव्या शतकात हे तत्त्व मांडून ठेवले. पण नळीत हवेचा बुडबुडा शिरला की संपले. हवा दबते. तुम्ही जोर लावता, बुडबुडा तो खाऊन टाकतो. साखर कारखान्याच्या पैशाचे जे होते ना, तेच. वरून सुटतो, खाली पोचत नाही. (दोनदा दाबले की ज्यादा तेल खाली जाते, बुडबुड्याचे पोट भरते, मग उरलेला जोर काट्याला मिळतो.)

शिवाय हे तेल म्हणजे ब्रेकचेच तेल, आणि त्याला हवेतले पाणी ओढायची खोड असते. डॉट 4 जातीचे कोरे तेल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी प्यालेले 155 लाही उकळू शकते. माझ्या गाडीतले सहा वर्षे बदललेच नव्हते. ते अमृततुल्याच्या किटलीत शेवटी उरतो तसल्या चहासारखे दिसत होते. ही बाटली काही शेकड्यांत येते. चौदा हजारांत नाही.

आणि म्हणून मी जाहीर केले की हे काम मी घरी करणार.

झाले! ‘सेटच टाका’ पंथाची दुसरी शाखा उघडली. ‘हात लावू नका’ शाखा. शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, “आपलं काम नाही हो ते.” पुण्याहून मुलाचा फोन, “बाबा, ऑटोमॅटिक घ्या.” म्हणजे पाय दुखतो तर पायच काढा!

अहो, कुठल्या मुलखात राहता? पलूसजवळ किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा ‘लोखंडाने जमीन विषारी होते’ म्हणून शेतकरी हात लावीनात. ‘हात लावू नका’ शाखा तेव्हापासूनची आहे. आणि तिकडे देवराष्ट्र्यात, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, दत्तात्रय लोहारांनी भंगारातले भाग जमवून किक मारून सुरू होणारी जीप बनवली. 2021 च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी ती पाहिली, ती कुठल्या नियमात बसत नाही हेही सांगितले, आणि तिच्या बदल्यात 2022 च्या जानेवारीत लोहारांना कोरी बोलेरो दिली. माणूस अख्खी जीप बनवतो, आणि आम्ही एक नट सैल करायचा नाही?

रविवारी अंगणात गाडी लावली. आधी खालच्या सिलिंडरचे रबर बोटाने चाचपले. कोरडे. (ओले असते तर मीच गाडी गॅरेजात नेली असती. गळक्या सीलवर वरून तेल ओतत राहणे हे घरकाम नव्हे, आत्मघात आहे. त्यात माझ्या गाडीत क्लच आणि ब्रेक एकाच डबीतले तेल पितात.) निपलला पारदर्शक नळी, नळीचे टोक बाटलीत. ही ड्रायव्हरच्या सीटवर, मी खाली, हातात दहाचा पाना.

कृती अशी : तिने पेडल दाबून धरायचे, मी निपल सैल करायचे, बुडबुडे आले की घट्ट करायचे, मगच तिने सोडायचे.

“दाब!”

“दाबलं.”

“सोडतोय!” (म्हणजे मी निपल.)

“सोडलं!” (म्हणजे तिने पेडल.)

बाटली लवंडली, नळीचे टोक उघडे, आणि होती त्याच्या दुप्पट हवा आत. असे सहा वेळा झाले. सातव्या वेळी तीस वर्षांच्या संसारातले जुने विषय निघाले. त्या घाईत तेल ओतताना थोडे पंख्यावर सांडले. ब्रेकचे तेल रंग खाते हे मला माहीत होते, लगेच पाण्याने धुवायचे हेही; पण मी तेव्हा 1996 सालच्या एका लग्नातल्या आहेराबद्दल स्वतःचा बचाव करत होतो. तिथे तळहाताएवढा रंग गेला. तो डाग आजही आहे.

शेवटी मामा खुर्चीवरून उठले. “बोलू नका कुणी. घंटीवर चालवा.” त्यांनी हातात उलथने घेतले आणि बाटलीवर नजर ठेवून बॉनेटवर टण् केले. एक टोला, दाबून थांब. मी निपल उघडले, मिटले. टण् टण्. दोन टोले, सोड. एस.टी.चा कायदा! वीस मिनिटांत बुडबुडे संपले, नळीतून सोनेरी तेल यायला लागले. मामांची नजर डबीवरही होती. पातळी खुणेखाली गेली नाही.

एक कबुली. काही गाड्यांच्या नळीत कंपनीने बारीक छिद्राची एक झडप बसवलेली असते. तुम्ही पाय झटकन उचललात तरी क्लच हळूच सुटावा म्हणून. हौशी लोक ती काढतात. पायाला सगळे स्पष्ट कळते म्हणतात. मी नाही काढली. भीती वाटली. ‘हात लावू नका’ शाखेचा मीही पावतीचा सभासद आहे तर.

पुढच्या शनिवारी सांगलीला गेलो. पेठ नाक्यावरून आत वळलो, आष्ट्याच्या बाजारात ट्रॅक्टरमागे पाऊण तास. पेडल प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी पकडायचे. खरखर नाही. मी घरात शिरल्या शिरल्या भाषण सुरू केले. चौदा हजार, पास्कल, देवराष्ट्रे, सगळे.

मामा काही न बोलता चपला घालून बाहेर गेले. गाडीत बसले, इंजिन बंद असतानाच डोळे मिटून क्लच तीनदा हळू दाबला.

“हं,” म्हणाले. “आता बोलतोय.”

मी छाती फुगवली.

“खालचं रबर परत बघितलंत का? जुन्या सिलला नवं तेल कधीकधी मानवत नाही.”

आत बशीत भडंग आले होते. मी मोबाईलची बॅटरी लावून गाडीखाली शिरलो.