समजून घ्या : मैफलीच्या पैशातून कलेची जागा उभी राहते का?

भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्यासारख्या गावात गाण्याची जागा म्हणजे मंदिराचा सभामंडप. सप्ताहात तिथे पखवाज घुमतो. एरवी मुलांनी सराव कुठे करायचा? त्यावर पटकन सुचणारा उपाय म्हणजे मदतीची मैफल : कलाकारांनी मानधन घ्यायचे नाही, तिकिटांचा पैसा जागेसाठी द्यायचा.

मैफलच का?

नाटकाला नेपथ्य, कपडेपट, महिनाभराच्या तालमी लागतात. मैफलीला पेटी, तबला, तंबोरा आणि सतरंजी पुरते. राग-ताल ठरला की बाकीचे जागेवर सुचते, म्हणून कधी एकत्र न बसलेले कलाकारही रंगत आणतात. कोकणातल्या डबलबारीत तर समोरच्या बुवाला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. गर्दी त्यासाठीच जमते!

कलाकारांनी निधी उभारणे मराठी रसिकाला नवे नाही. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केले. पण तो एका रात्रीचा प्रयोग होता. जागा रोज चालवावी लागते.

पलुसकरांचे काय झाले?

पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते राजाश्रयावर नव्हे, लोकांच्या मदतीवर. 1908 मध्ये ते मुंबईत आले. इथे त्यांनी कर्ज काढून इमारत बांधली. कर्ज फिटावे म्हणून ते गावोगाव गात फिरले, तरी अखेर इमारतीचा लिलाव झाला. इतका मोठा गायक, इतक्या मैफली, तरीही हप्त्यांचे गणित जुळले नाही. 1931 मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. इमारत गेली, मंडळाच्या परीक्षा मात्र आजही होतात.

म्हणून गावाने मैफल जरूर ठेवावी, पण त्या भरवशावर कर्ज काढून स्लॅब टाकायची घाई नको. शाळेची एखादी खोली संध्याकाळी दोन तास मिळाली तरी सुरुवात होते. जमलेला पैसा वर्षभर पुरवावा आणि सप्ताहाच्या वर्गणीसारखा त्याचा हिशेब फळ्यावर लिहावा : पखवाजाची पुडी, वीजबिल, शिकवायला येणाऱ्या गुरुजींचे एसटीचे भाडे.